अर्ध्यावर आटवलेलं पाणी

पंडित काचेची पेटी घेऊन सायकलरिक्षातून दारात उतरला तेव्हा त्याच्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्यामुळे ही ब्याद कशाला आणली, हेही कुणी विचारलं नाही. एरवी त्याच्या बायकोनं, सरजाबाईनं, कंबरेवर हात ठेवून उंबऱ्यातच जाब घेतला असता. त्या दिवशी तिनं पेटीकडे पाहिलं, पेटीतल्या दोन नारंगी माशांकडे पाहिलं, आणि ती परत ज्वारी निवडायला लागली.

पेटी होती आबासाहेबांची. परभणीच्या ज्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत पंडित सहायक होता, तिथले ते साहेब. पुण्याहून हौसेनं मासे आणले आणि वर्षाच्या आत बदलीचा हुकूम हातात पडला. सामानाच्या ट्रकमध्ये मासे कसे न्यायचे? तेव्हा पेटी, दाण्यांचा डबा आणि माशांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असं सगळं त्यांनी पंडितच्या गळ्यात घातलं. "तुझ्या हाताला यश आहे पंडित, तूच सांभाळ," असं वर म्हणाले. बावीस वर्षांत पंडितच्या हातून एक परीक्षानळी फुटली नव्हती आणि वहीतला एक आकडा खोडला गेला नव्हता, तेव्हा साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पंडितला ते ऐकून बरंही वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. त्याला चार महिने झाले काहीच वाटत नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी, म्हणजे शहाऐंशीच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, त्याची नात गेली होती. विशाखा तिचं नाव, वय अडीच महिने. दीड महिन्याची असताना तिच्या आईला, म्हणजे पंडितच्या सुनेला, नर्मदेला, ताप आला, दूध आटलं आणि पोर बाटलीवर आली. आता घरात प्रयोगशाळेतला माणूस असताना बाटलीचं काम बायकांवर कसं सोडायचं? पंडितनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चिकटवला. बाटली कशी धुवायची, चमचा कुठे ठेवायचा, पाणी कसं उकळायचं, सगळं नंबर घालून लिहिलं. डॉक्टर दहा मिनिटं उकळा म्हणाले होते. पंडितनं हुकूम काढला की पातेल्यातलं पाणी अर्ध्यावर आटल्याशिवाय स्टोव्ह बंद करायचा नाही. नर्मदा दहावी शिकलेली, शहाणी मुलगी. "व्हय मामा," म्हणाली आणि रोज पातेल्याजवळ उभी राहायला लागली.

तरी महिनाभरात पोरीचे ओठ जांभळे पडायला लागले. मग नखं, मग सगळं अंग. ना ताप, ना उलटी. डॉक्टरांच्या कंपाउंडरनं, सूर्यभाननं, रक्त काढलं ते काकवीच्या रंगाचं निघालं. हृदयाला भोक असेल, औरंगाबादला न्या, असं डॉक्टर म्हणाले. सकाळच्या गाडीची वाट बघेपर्यंत पोर राहिली नाही.

आता बायका अशा वेळी काय बोलतात ते सांगायला नको. कुणी ग्रहणाचं बोललं, कुणी नजर लागली म्हटलं. पंडितनं बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून या सगळ्यांना झापलं. ग्रहण-बिग्रहण काही नसतं, जंतू असतात, म्हणाला. आणि मग भरल्या घरात, नर्मदेच्या बापासमोर, तो जे वाक्य बोलला ते ग्रहणापेक्षा वाईट होतं.

"मी लिहून दिलं होतं. हिनं पाणी उकळलं नसंल."

"उकळलं होतं मामा," नर्मदा एवढंच म्हणाली.

पण पंडित म्हणजे घरातला शिकलेला माणूस. त्याच्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास. नजरेवर उतारा तरी असतो, निष्काळजी आईवर कुठला उतारा? आठ दिवसांनी नर्मदेचा बाप सिताराम तिला पिंगळीला घेऊन गेला. थोडे दिवस माहेरी राहू दे म्हणून गेली ती राहिलीच. पंडितचा मुलगा चंद्रभान मानवतला शाळेत मास्तर होता. नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेला पोरगा, मोर्चात बेंबीच्या देठापासून ओरडायचा, पण बापापुढे त्याच्या तोंडून अक्षर फुटलं नाही. शनिवारी घरी यायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि सोमवारी पहिल्या एसटीनं जायचा.

तर अशा घरात मासे आले. पंडित ऑफिसातून आला की पेटीपुढे बसायचा. मासे बोलत नाहीत आणि आपण बोलावं अशी त्यांची अपेक्षाही नसते, हे त्याला सोयीचं होतं. तीन आठवड्यांत मासे सुस्तावले. तळाशी बसून राहायला लागले, शेपटीच्या कडा लाल झाल्या. पंडितनं शब्दकोश शेजारी घेऊन साहेबांचं पुस्तक वाचलं. माशांच्या घाणीतून पाण्यात नायट्रेट साचतं, ते काढलं पाहिजे, असं त्यात होतं.

नायट्रेट हा पंडितच्या घरचा शब्द. मातीतलं नत्र तो रोज तपासायचा. चिनी मातीच्या बशीत पाणी घ्यायचं, ते पार आटवायचं, तळाशी जी खरपुडी राहते तिच्यावर आम्ल घालायचं, मग अमोनिया. नायट्रेट असेल तर पिवळा रंग येतो. जितकं जास्त तितका गडद. शेतकरी समोर असला आणि रंग गडद आला की पंडित म्हणायचा, "जमीन लय गुणाची हाय तुमची." पिवळा रंग म्हणजे चांगली बातमी, हे त्याच्या डोळ्यांत बावीस वर्षं मुरलेलं. पेटीतलं पाणी त्यानं तपासलं तर चांगलंच गडद निघालं.

मग त्यानं गाळणं बनवायला घेतलं. पुस्तकात आकृती होती. लांबच लांब बारीक नळीतून पाणी थेंबाथेंबानं सोडायचं. नळीच्या सुरुवातीला राहणारे जंतू पाण्यातली हवा खाऊन टाकतात. पुढच्यांना हवा मिळत नाही, मग ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नायट्रेट संपतं. नळी कुठली आणायची, तर सूर्यभान कंपाउंडरनं वापरलेल्या सलाइनच्या नळ्या पिशवीभर दिल्या. पंडितनं त्या उकळून, एकाला एक जोडून वेटोळं केलं, तेलाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलं आणि भोवती खडी भरली. सलाइनचं चाक होतंच, थेंब कमीजास्त करायला. पेटी वर स्टुलावर, डबा मधे, खाली बादली. जंतूंना खायला म्हणून साखरेचं पाणी, दिवसाला चार थेंब. सकाळ-संध्याकाळ बादलीतलं पाणी पुन्हा पेटीत ओतायचं.

"लेकराला केलं नसंल एवढं करायलाव," सरजाबाई एकदा म्हणाली.

तिनं टोचायला म्हटलं नव्हतं. पंडितनं चाक अर्ध्या फेऱ्यानं सैल केलं.

इथं थोडं त्याच्या आडाबद्दल सांगायला पाहिजे. अठ्ठ्याहत्तर साली दंगलीत गावातली घरं जळाली, तेव्हा जी आठ-दहा घरं परभणीला येऊन गावाबाहेर वस्ती करून राहिली, त्यात पंडितचं एक. पंडितच्या आईनं आयुष्यभर दुसऱ्यानं वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं होतं. पंडितनं शपथ घेतली होती की घराआधी पाणी. जागा स्वस्त मिळाली, कारण तिथे कैक वर्षं सगळ्या बाजूचा उकिरडा पडायचा. त्यानं उकिरडा उपसला, आड खणला आणि वीस हातांवर पाणी लागलं. गोड पाणी. त्या पाण्यावर कोथिंबीर अशी माजायची की वस्तीतल्या बायका जुड्या मागून न्यायच्या. आपला आड, आपला दोर, कुणाला विचारायचं नाही. पाहुणा आला की पंडित त्याला चहाच्या आधी आड दाखवायचा.

श्रावण संपता संपता सरजाबाईनं विषय काढला. मानवतकडे एक मुलगी होती, घर चांगलं होतं. चंद्रभानचं वय जात होतं. "पुढच्या रविवारी पिंगळीला बसू. चार माणसं बोलावू, फारकतीचा कागद करू. तिचं बी मोकळं, आपलं बी मोकळं." चंद्रभान भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो काहीच बोलला नाही, तेव्हा त्याचा होकार धरला गेला. पंडितनंही मान हलवली. त्याला त्या रविवारचं काही वाटलं नाही. त्याच्या डोक्यात नळीतले थेंब होते.

कारण गणित जुळत नव्हतं. गाळण्यातून बाहेर पडणारं पाणी तपासलं तर पिवळेपणा खूप उतरलेला. पेटीतलं तपासलं तर जिथल्या तिथे, उलट दर सोमवारी चढलेलं. दर रविवारी तर तो अर्धं पाणी बदलायचा, आडाचं ताजं पाणी घालायचा. ताजं पाणी घातल्यावर चढतं कसं? पंडितला वाटलं थेंब कमी पडताहेत. त्यानं चाक अजून सैल केलं आणि पाणी भराभर पडायला लागलं.

रविवारला तीन दिवस राहिले असताना एक मासा मेला. पंडितनं तो उचलून पाटावर ठेवला. आता पुस्तक सांगत होतं तसं कारण शोधायचं म्हणून त्यानं ब्लेडनं कल्ल्यावरचं झाकण उचललं. कल्ला लालभडक हवा. तो काकवीच्या रंगाचा होता.

हा रंग त्यानं पाहिलेला होता. कुठे पाहिला ते त्याला लगेच आठवलं आणि तरी तो शांतपणे पुस्तक उघडून बसला. पान सापडलं. घाई केली तर जंतूंचं काम अर्धवट राहतं. नायट्रेटचं नायट्राइट होतं. ते रक्तात गेलं की रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू धरू शकत नाही. प्राणी पाण्यात असून, हवेत असून, गुदमरतो.

पंडितनं पुस्तक मिटलं. मग आडातून बाटलीभर पाणी काढलं, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेलं आणि बशीत घातलं. आडाचं पाणी त्यानं आजवर कधी तपासलं नव्हतं. कोथिंबीर माजते त्या पाण्याचं काय तपासायचं? आणि स्वतःच्या आडावर संशय घेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

अमोनिया पडताच बशी हळदीसारखी झाली. पेटीपेक्षाही गडद. नमुन्याच्या नळीशी जुळेना, म्हणून त्यानं दहापट पातळ करून पुन्हा केलं. आकडा आला तीनशे वीस. कपाटात पिण्याच्या पाण्याच्या मानकांचं एक पातळ पुस्तक पडून होतं. मातीच्या प्रयोगशाळेत त्याला कोण विचारतो? त्यात नायट्रेटची मर्यादा पंचेचाळीस होती. खाली बारीक अक्षरात होतं की यापेक्षा जास्त असल्यास तान्ह्या बाळांना धोका, बाळाच्या पोटातले जंतू त्याचं नायट्राइट करतात, अंग निळं पडतं. त्याच्याही खाली एक ओळ होती. उकळल्यानं नायट्रेट जात नाही. पाणी आटल्यानं वाढतं.

ती ओळ त्यानं तीनदा वाचली. वाचायची गरज नव्हती. पाणी आटवलं की नायट्रेट तळाशी राहतं, यावरच तर तो बावीस वर्षं पगार घेत होता. रोज स्वतःच्या हातानं बशी आटवायची आणि घरी जाऊन पातेलं आटवायचा हुकूम द्यायचा. दोन्ही पाणीच होतं, पण एक ऑफिसातलं आणि एक घरातलं, एवढ्यानं त्याला ते कधी जोडून दिसलं नाही.

तरी तो नेमाचा माणूस. त्यानं उरलेलं पाणी चंचुपात्रात घातलं, बरोबर अर्ध्यावर आणलं आणि तेही तपासलं. सहाशे चाळीसच्या आसपास. दोन्ही आकडे त्यानं एका कागदावर, एकाखाली एक लिहिले, घडी घालून खिशात ठेवले. रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. घरी येऊन त्यानं आडाचा दोर आणि बादली काढून आत ठेवली, वस्तीत घरोघर जाऊन हे पाणी लेकरांना पाजू नका म्हणून सांगितलं. कुणी खोदून विचारलं तर म्हणाला, तपासलंय.

रविवारी ते तिघं पॅसेंजरनं पिंगळीला गेले. सिताराम स्टेशनच्या अलीकडे राहायचा. अंगणात सतरंजी टाकली होती, चार जुनी माणसं बसली होती, शिक्क्याचा कागद आणलेला होता. नर्मदा दाराच्या आत चौकटीला धरून उभी होती. ती वाळून काटकी झाली होती. चंद्रभाननं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

सितारामनं चष्मा लावून कागद उलगडला, तेव्हा पंडित म्हणाला, "ते राहू द्या पाव्हणं. आधी माझं ऐका."

त्यानं सांगितलं. प्रयोगशाळेत शेतकऱ्याला सांगतात तशा कोरड्या आवाजात सांगितलं. आड कुठे खणला, पाण्यात काय निघालं, किती पाहिजे आणि किती आहे, त्यानं तान्ह्या पोराच्या रक्ताचं काय होतं. "लेकरू पाण्यानं गेलं. आड माझा, जागा माझी, बाटलीला ते पाणी घ्या म्हणणारा मी. हिचा काय बी दोष न्हाई. मी समद्यासमोर बोललो ते खोटं होतं. आता समद्यासमोरच माफी मागतो."

"अवो, आपण समदेच पितोत की ते पाणी," सरजाबाई म्हणाली.

"मोठ्याला बाधत न्हाई तसं. लहान्याला बाधतं."

स्टेशनात मालगाडी लागली होती, तिच्या डब्यांचा आवाज येत राहिला. मग चौकटीतून नर्मदा म्हणाली, "मामा, एक सांगू का?"

"सांग."

"एका दिवशी म्या पाणी उकळलं नव्हतं." तिचा आवाज इतका बारीक होता की सिताराम पुढे वाकला. "रॉकेल सरलं होतं. तुमी ऑफिसात, आत्याबाई बाजारला. लेकरू लय रडायलं होतं. म्या आडाचं पाणी तसंच गाळून दिलं. दिवसभर तेच दिलं. पुढं आठ दिवसांनी ती गेली. तुमी म्हणलाव उकळलं नसंल, तवा म्या उकळलं म्हणून बोलले, पण मनात आलं, ह्यांना कळलंय. सहा महिने झाले, त्या एका दिवसाला धरून बसलेय मी."

पंडितचा हात खिशातल्या कागदावर होता. त्या एका दिवशी पोरीच्या पोटात सगळ्यात कमी विष गेलं होतं. बाकीच्या प्रत्येक दिवशी दुप्पट. हे सांगितलं तर नर्मदेच्या डोक्यावरून एक दिवस उतरेल आणि बाकीचा सगळा महिना येऊन बसेल. रोज पातेल्याशी उभी राहून, नीट लक्ष देऊन आटवलेला. दहावी शिकलेली पोर, तिला हिशोब मांडून द्यायची गरज नव्हती.

"त्या दिवसानं काही झालं न्हाई," तो म्हणाला.

"खरं मामा?"

"तपासलंय मी. शंभर टक्के खरं."

नर्मदा चौकटीला घासत खाली बसली आणि मोठ्यानं रडली. सहा महिन्यांत ती रडली नव्हती, असं तिची आई नंतर सरजाबाईला म्हणाली. चंद्रभान उठला, बापाच्या समोरून गेला, सितारामच्या हातातला कागद घेतला आणि त्याचे चार तुकडे केले. मग बायकोजवळ भुईवर जाऊन बसला. सरजाबाईनं पदर तोंडाला लावला. त्या चार जुन्या माणसांपैकी एकानं विचारलं, "मग पोरीला कधी नेताव?" पंडित म्हणाला, आड बुजवतो, नळाचं पाणी घेतो, पंधरा दिवसांत नेतो. ठरलं. सितारामच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि कुणीतरी चहाचं बघा म्हणालं.

चहा नर्मदेनंच आणला. डोळे पुसून, पदर सारखा करून आली. सगळ्यांना दिला आणि शेवटी सासऱ्यापुढे वाकली. सहा महिन्यांपूर्वीचं ते वाक्य तिच्या मनातून गेलं होतं. तिला आता म्हाताऱ्याची कीव येत होती.

"मामा, तुमी जिवाला लावून घेऊ नका," ती हळू म्हणाली. "तुमी लेकरासाठी लय केलं. पाणीच वाईट, त्याला कोण काय करणार? तुमी अर्ध्यावर आटवायला लावलं म्हणून तरी महिनाभर निघाली ती. न्हाईतर आधीच गेली असती."

सहा महिन्यांत पहिल्यांदा पंडितच्या छातीत काहीतरी हललं, आणि ते इतकं दुखलं की त्यानं बशी खाली ठेवली. ती त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.

"व्हय," पंडित म्हणाला.